आधी माझ्यावर बसा

मी एक जुने स्टूल आहे. तीन पायांचे. चौथा पाय कुठे पडला असे विचारू नका; तो कधी नव्हताच. चार पायांच्या खुर्च्या उंचसखल फरशीवर डुगडुगतात आणि मग त्यांच्या पायाखाली कागदाच्या घड्या घालाव्या लागतात. माझ्या पायाखाली आजवर कुणी काही घातलेले नाही. मी उभे राहिले, की राहिले.

मला गादी नाही, पाठ नाही, हात टेकायला दांडा नाही. माझ्यावर बसलेला माणूस पाच मिनिटांत कुरकुरू लागतो. मित्रांनो, ही तक्रार समजू नका. हे मी ताठ मानेने सांगते आहे. मान नसली म्हणून काय झाले?

मुलींच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघराला नवे दार बसवायला सुतार आला होता. दार बसले आणि एक फळी उरली. तिथले आचारी त्याला म्हणाले, फळी फेकू नका, मला बसायला काहीतरी करून द्या, फक्त आरामाचे करू नका. सुताराला वाटले, थट्टा करतात. पण थट्टा नव्हती. मोठ्या पातेल्यासमोर आरामात बसलेल्या माणसाला डुलकी लागते, आणि आचाऱ्याला डुलकी लागली की साठ मुली करपलेले खातात. असा माझा जन्म झाला.

त्या आचाऱ्यांना मुली आचारीमामा म्हणत. पुढे घरी आल्यावर ते आजोबा झाले, म्हणून मीही त्यांना आजोबाच म्हणेन. त्यांचा एकच नियम होता. पातेले कुठलेही असो, डावातला थेंब आधी स्वतःच्या तळहातावर, मग जिभेवर, मग डोळे मिटून क्षणभर शांतता. त्यानंतरच वाढप. एकदा वसतिगृहाच्या मोठ्या बाई घाईने आत आल्या आणि म्हणाल्या, पाहुणे ताटावर बसलेत, चाखत काय बसलात? आजोबा माझ्यावरून उठलेसुद्धा नाहीत. ते म्हणाले, "मग त्यांना पाणी द्या, बाई. चाखल्याशिवाय वाढायचं नाही."

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते, ती पुढे लागेल. उशिरा येणाऱ्या मुलींची ताटे आजोबा माझ्यावर झाकून ठेवत. मुलगी खोटे कारण सांगून बाहेर गेलेली असली, तरी ठेवत. आल्यावर बोलणी खाल्ली तरी जेवण गरमच मिळे.

आजोबा निवृत्त झाले, तेव्हा आठवण म्हणून काय देऊ, असे त्यांना विचारले गेले. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवले. मला खांद्यावर टाकून ते बसमध्ये चढले. कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट कुणी काढायचं? आजोबा म्हणाले, "ते उभ्यानेच येतंय, बसायला जागा मागत नाही." सगळी बस हसली.

घर तिसऱ्या मजल्यावर होते, दोन खोल्यांचे. आजोबांचा मुलगा लिफ्ट दुरुस्त करी. सून रुग्णालयाच्या औषधांच्या खोलीत कामाला होती. त्यांची पाच वर्षांची मुलगी दिसायला इवलीशी आणि हट्टाला पेटली की भिंतही चढणारी, म्हणून तिला सगळे मुंगी म्हणत. आईबाबा कामाला गेले की घरात मुंगी, आजोबा, मी आणि एक टीव्ही.

टीव्हीला नावे ठेवणारे खूप भेटतात. मी ठेवणार नाही. टीव्ही म्हणजे पातेले. त्यात काय शिजवायचे आणि कुणाच्या ताटात किती वाढायचे, हे माणसाने ठरवायचे असते. आजोबांनी हे पहिल्याच आठवड्यात ठरवले. मुंगीने जे पाहायचे, ते आधी आजोबा स्वतः पाहत, पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्यावर बसून. सोफा शेजारीच होता, पण ते म्हणत, मऊ जागेवर चव कळत नाही, झोप येते.

त्यांच्या जिभेने पुष्कळ काही नाकारले. एका कार्टूनमध्ये उंदीर दर मिनिटाला मांजराच्या डोक्यात कढई घाली आणि सगळे खदखदा हसत. आजोबा म्हणाले, मारण्याचं सोड, कढईची काय दशा केली ती बघ. एका कार्यक्रमात मुले आईला उलट बोलत आणि मागून टाळ्या वाजत. तोही गेला. राहिला तो मातीच्या बाहुल्यांचा एक साधा कार्यक्रम. त्यातला म्हातारा भट्टीवाला रोज शेवटची भाकरी विकत नसे. दार ठोठावेल त्याच्यासाठी ठेवी. देवाचे नाव त्यात एकदाच, अगदी शेवटी यायचे, तेही हळू आवाजात. मुंगी तो पाहून झाल्यावर आपल्या बिस्किटांतले एक बशीखाली झाकून ठेवू लागली. संध्याकाळी जेवणाआधी घरात सगळे हात जोडून प्रार्थना करीत, तेव्हा तिचा आवाज सर्वांत मोठा असे. शेजारच्या घरात ऐकू जाई.

आता चूक सांगते. ती आजोबांची होती आणि त्यांनी ती कधी लपवली नाही, म्हणून मीही लपवणार नाही.

आजोबांना अक्षरे येत नव्हती. एकदा खोकल्याचे औषध समजून त्यांनी गुडघ्याला चोळायचे तेल चमच्यात ओतले. तोंडापाशी नेताच वास आला म्हणून वाचले. त्या दिवशी सून म्हणाली, "बाबा, आमच्याकडे वाचल्याशिवाय गोळीसुद्धा हलत नाही. तुम्हाला वाचायला मी शिकवणार." साठी उलटलेला माणूस जमिनीवर मांडी घालून बसला आणि माझ्यावर पाटी ठेवून अक्षरे गिरवू लागला. मी तेव्हा मेज झाले होते. पुसलेल्या खडूचा चुरा माझ्या भेगांत अजून आहे. हिवाळा संपता संपता आजोबा औषधाच्या बाटल्या, दुकानांच्या पाट्या, साबणाचे कागद, जे हाती लागेल ते वाचू लागले. वाचलेला प्रत्येक शब्द त्यांना वडीलधाऱ्याने दिलेल्या वचनासारखा वाटे.

मग एका दुपारी टीव्हीवर एका नव्या कार्यक्रमाच्या आधी अक्षरे झळकली. मुंगी ओरडली, आजोबा, वाचा. आजोबांनी बोट हवेत फिरवत वाचले, "लहान मुलांसाठी. भक्तिमय. संस्कारक्षम." या शेवटच्या शब्दातल्या जोडाक्षरांनी त्यांना घाम फुटला. मग त्यांनी शेवटची ओळ वाचली, "निश्चिंत होऊन दाखवा." पडद्यावरची पळती अक्षरे त्यांनी पहिल्यांदाच पकडली होती. मुंगीने टाळ्या वाजवल्या. आजोबांचे डोळे भरून आले. सून कामावरून यायची वेळ झाली होती. तिला जिन्यातच ही बातमी सांगावी म्हणून ते उठले आणि चपला घालून खाली गेले.

माझ्यावर कुणी नव्हते. कार्यक्रम सुरू झाला.

त्यात घंटा होत्या, फुले होती, गोड गाणे होते. आणि एक मुलगा होता, जो आईशी खोटे बोलला. लगेच आकाश फाटले, मोठा आवाज झाला, आणि तो मुलगा पायापासून वर दगड होत गेला. गुडघे, पोट, शेवटी तोंड. त्याची आई रडत राहिली. मग पुन्हा गोड गाणे. मी ओरडले असते, मित्रांनो, पण लाकडाला आवाज फुटतो तो मोडतानाच. मुंगी सरपटत माझ्याखाली आली आणि माझा एक पाय घट्ट धरून बसली.

त्या संध्याकाळपासून ती प्रार्थनेला बसेना. हात जोडायची वेळ झाली की माझ्याखाली शिरे. सकाळी उठली की पायांची बोटे चिमटून बघे. जेवण कमी झाले. सून तिला ताप आहे का ते पाही. आजोबांचा मुलगा म्हणाला, हे सगळं त्या टीव्हीमुळे, उद्या काढून टाकतो. आणि मधे अडमडणारं हे तिपाई धूडसुद्धा भंगारात देतो, रोज माझा अंगठा आपटतो.

 दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी आजोबा माझ्यावर न बसता माझ्याशेजारी जमिनीवर बसले आणि वाकून खाली पाहू लागले.

"आजोबा," मुंगी कुजबुजली, "माझा पाय बघा ना. टीव्हीतल्या मुलासारखा दगड झालाय का?"

"का गं होईल?"

"मी दूध प्यायले असं सांगितलं. आणि कुंडीत ओतलं. आता देवाला मी दिसायला नको."

आजोबांचा चेहरा मी इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता. साठ मुलींचे जेवण करपले असते तरी असा झाला नसता. त्यांनी स्वतःचा पाय पुढे केला. ते म्हणाले, "वसतिगृहात एकदा पातेलीभर दुधावरची साय मी खाल्ली आणि मांजरीचं नाव सांगितलं. याला तीस वर्षं झाली. वाजवून बघ."

मुंगीने त्यांच्या गुडघ्यावर टकटक केले. गुडघा कट्कन वाजला.

"थोडा झालाय," ती गंभीरपणे म्हणाली.

"तो म्हातारपणाने. सायीने नाही."

मग त्यांनी तिला ती ताटांची गोष्ट सांगितली. खोटे सांगून गेलेल्या मुलीचे ताटसुद्धा ते कसे झाकून ठेवत, नेमके याच स्टुलावर. "मी साधा आचारी. मला एवढं कळत होतं. देवाला माझ्यापेक्षा कमी कळत असेल का?"

 मुंगी माझ्याखालून बाहेर आली आणि आईजवळ जाऊन कुंडीतल्या दुधाची गोष्ट एका दमात सांगून मोकळी झाली. आई म्हणाली, तरीच त्या रोपाला मुंग्या लागल्या. त्या दिवशी मुंगी प्रार्थनेला बसली, पण एक डोळा उघडा ठेवून. दुसरा डोळा मिटायला आणखी पंधरा दिवस लागले. भीती एका दुपारी घरात आली आणि जायला एवढे दिवस लावले, हे ध्यानात ठेवा.

तो कार्यक्रम पुन्हा लागला तेव्हा आजोबांनी तो माझ्यावर बसून शेवटपर्यंत पाहिला. मग मुलाला आणि सुनेला समोर बसवून म्हणाले, "चूक माझी. मी न चाखता वाढलं."

सुनेचा चेहरा उतरला. अक्षरे तिनेच शिकवली होती. आजोबा तिला म्हणाले, "पोरी, तुझी अक्षरं खरी आहेत. बाटलीवर नाव लिहिणारा ते औषध स्वतः तोलून भरतो. इथे नाव लिहिणाऱ्याने माझी नात बघितली होती का? वाचेनही आणि चाखेनही."

मुलगा तरी टीव्ही काढायला उठला. आजोबा माझ्यावर बसले ते टीव्हीच्या बरोबर पुढ्यात, वाटेत. म्हणाले, "भाजी करपली म्हणून चूल फोडतात का? टीव्ही काढशील, पोरगी उद्या शेजारी जाऊन बघेल. तिथे कोण चाखणार? टीव्ही राहील. आणि हे स्टूलही राहील. अंगठा आपटतो तर खाली बघून चाल."

मुलगा खाली बघून चालायला शिकला.

त्याला आता सहा वर्षे झाली. भिंतीवर मोठा टीव्ही आला, सोफा तीनदा बदलला. मुंगीला भाऊ झाला, गोलमटोल. आजोबांनी त्याचे नाव बटाटा ठेवले. आजोबांची नजर अधू झाली, अक्षरे पुन्हा पुसट झाली. माझ्यावर कुणी बसेना. मग माझ्यावर कुंडी आली, नंतर इस्त्रीचे कपडे, नंतर जुने चार्जर. पाहुणे विचारत, हे कशाला ठेवलंय? मी तिन्ही पाय रोवून उभे राहिले. मला भंगार म्हणणारे तीन सोफे माझ्या डोळ्यांदेखत जिन्याखाली गेले आहेत.

परवाची गोष्ट. बटाटा जेवत नव्हता, म्हणून बाबांनी त्याच्या हातात मोबाइल दिला. मुंगी अभ्यास करीत होती. ती उठली, माझ्यावरचे चार्जर खाली ठेवले, मला खोलीच्या मधोमध ओढले, बटाट्याच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि माझ्यावर बसली.

बटाट्याने भोकाड पसरले. बाबा म्हणाले, "अगं, लहान मुलांचंच आहे. देवाच्या गोष्टी आहेत. वर लिहिलंय तसं."

"लिहिलंय ते वाचलं, बाबा. आता चाखते."

"तोवर हा रडणार?"

"रडू दे. पाणी द्या त्याला."

कोपऱ्यात डोळे मिटून बसलेले आजोबा हसले. बाबा पाणी आणायला गेले. बटाटा माझा पाय धरून रडत होता, मुंगी डोळे बारीक करून बघत होती, आणि पूर्ण अकरा मिनिटे ती जागची हलली नाही.

"मीठ कसं आहे?" आजोबांनी विचारले.

"पहिली गोष्ट बरी आहे. दुसरीत सैतान फार ओरडतो. ती नाही द्यायची." तिने पहिली लावून मोबाइल भावाच्या हातात दिला, पण माझ्यावरून उठली नाही. तो पाहत होता तोवर शेजारीच बसून राहिली.

मित्रांनो, तुमच्या घरीही धाकटी भावंडे असतील. त्यांना समोरचे सगळे खरे वाटते. आकाश फाटले की त्यांचेही फाटते. तुमच्या घरात मऊ जागा पुष्कळ असतील. त्या असू द्या. पण एक टणक जागा ठेवा आणि तिच्यावर आधी घरातल्या मोठ्यांना बसवा. त्यांना वेळ नाही म्हणाले, तर मुंगीसारखे स्वतः बसा आणि हटू नका. वरचे लेबल वाचा, देवाचे नाव असले तरी वाचून थांबू नका. भावाने बघण्याआधी पूर्ण बघा. तो रडेल, मोठे वैतागतील, पाहुणे हसतील. बसायला टोचते, हे मला ठाऊक आहे. मला तसेच घडवले आहे. टोचू द्या, आणि बसून राहा.