दोनशे चौदा फटक्यांची चुगली

मी टेनिसच्या व्हिडिओ गेमची कॅसेट बोलतेय. तळहाताएवढी, राखाडी, एका कोपऱ्याचा टवका उडालेली. स्वतःचं कौतुक सांगायला मी तोंड उघडलेलं नाही. माझ्याकडून एकदा एक चुगली झाली, ती अजून मनाला लागून आहे. ती कुणाला तरी सांगून टाकावी म्हणते.

माझा जन्म कारखान्यातला. पांढऱ्या टोप्या घातलेल्या बायकांनी एका हिरव्या पट्टीवर माझा मेंदू बसवला, शेजारी औषधाच्या गोळीएवढी बॅटरी बसवली, वरून प्लॅस्टिकचं कवच चढवलं आणि कवचावर रंगीत चित्र चिकटवलं. त्या चित्रातली मंडळी तेव्हा घरोघरी ओळखीची होती. टोपीवाला बेडूक, जाडजूड पाणघोडा, चष्मा लावणारं बदक, सदा रागावलेली खार. टीव्हीवरच्या कार्टूनमध्ये ती एकमेकांच्या खोड्या काढायची, माझ्या पोटात ती रॅकेट घेऊन उभी राहिली. बॅटरीचं काम एवढंच, की विक्रम लक्षात ठेवायचे. चेंडू खाली न पडता एका दमात कुणी किती फटके मारले, त्यातले सर्वांत मोठे सहा आकडे मी कधी विसरत नसे. माझ्या या हुशारीनंच पुढे घात केला.

पहिली काही वर्षं मी एका दुकानात होते. तिथं लोक तासावर गेम खेळायला येत. मी चालले नाही की जो तो माझ्या तोंडात फुंकर मारी. फुंकरीनं काही होत नाही, उलट आतली पितळी टोकं काळी पडतात. पण काहीतरी केल्याशिवाय माणसाला चैन पडत नाही. तिथल्या एका पोस्टमननं एकशे अकरा फटके मारले होते आणि तो आकडा कुणालाच ओलांडता आला नाही. पुढे दुकान बंद झालं. मालकानं मला, गेमच्या डब्याला आणि जॉयस्टिकला एका खोक्यात भरलं आणि चष्म्याची भिंगं घासणाऱ्या आपल्या मित्राच्या हाती दिलं.

"तुझी लेक घरात बसून कंटाळलीय ना? तिला दे. आणि सांग, पोस्टमनचे एकशे अकरा मोडून दाखव म्हणावं."

बाबांनी घरी येऊन हा निरोप सगळ्यांसमोर जसाच्या तसा सांगितला. सगळे म्हणजे दोघीच, आई आणि ठकी.

ठकी हे लाडाचं नाव. पोरगी सोळा वर्षांची होती, उंच, काटक, कमी बोलणारी. आई एका क्लबात टेनिस शिकवायची. गळ्यात शिट्टी, कपाळावर उन्हाचा पट्टा, आवाज असा की तीन कोर्टांपलीकडचा माणूस वळून बघेल. ठकीच्या हातात तिनं सहाव्या वर्षी रॅकेट दिली आणि तेव्हापासून पोरीची एक सकाळ मोकळी गेली नव्हती. मी घरी आले त्याच्या महिनाभर आधी एका मोठ्या स्पर्धेची अंतिम मॅच झाली होती. ठकीचं मनगट सकाळपासूनच दुखत होतं. आई म्हणाली, "आजचा दिवस काढ, मग हवा तेवढा आराम कर." तिसऱ्या सेटमध्ये मनगट गेलं. आता हात प्लॅस्टरमध्ये होता आणि आई कुणाशी धड बोलत नव्हती.

प्लॅस्टर निघालं, त्या जागी पट्टा आला. ठकी जॉयस्टिक मांडीवर ठेवून एकट्या डाव्या हातानं मला खेळायची. त्याच हातानं पळायचं, त्याच हातानं मारायचं. पाणघोडा बिचारा जाळ्यावर आपटायचा, ती खुदकन हसायची. स्वयंपाकघरातून आई ते हसू ऐकून थबकायची. तिनं ते बऱ्याच दिवसांनी ऐकलं असावं.

मग एका दुपारी घरात कुणी नसताना ठकीनं पट्टा सोडला. उजवा हात उघडला, मिटला, मनगट गोल फिरवलं आणि जॉयस्टिक दोन्ही हातांत धरली. दुखल्याची एकही रेघ तिच्या चेहऱ्यावर उमटली नाही. हात बरा झाला होता! मला वाटलं, आता आई आली की ही उड्या मारत सांगेल. पण जिन्यात पावलं वाजली, तिनं पट्टा घट्ट बांधला आणि आईला म्हणाली, "आज जरा जास्तच ठणकतोय गं."

तेव्हापासून हे रोजचंच झालं. दुपारी दोन्ही हात, संध्याकाळी एक. आई क्लबातून आली की कपडे बदलायच्या आधी गरम पाण्याची पिशवी घेऊन शेक द्यायला बसायची. "मी त्या दिवशी तुला खेळवायला नको होतं," असं ती त्या मनगटाशीच बोलायची. ठकी मान खाली घालायची. मला दोघींची दया यायची, पण मी पडले कॅसेट.

डॉक्टर बुचकळ्यात पडले. "मॅडम, फोटोत काही दिसत नाही. पण दुखतंय म्हणतेय, तर एकदा उघडून बघू. छोटं ऑपरेशन आहे." तारीख ठरली. मला वाटलं, आता तरी ही बोलेल. ती बोलली नाही. दुपारी मात्र आणखी त्वेषानं खेळू लागली. एक दिवस तिनं एकशे अकरा ओलांडले. ऑपरेशनला पाच दिवस असताना दोनशे चौदा मारले आणि हसायच्या ऐवजी तोंड दाबून रडली.

ऑपरेशनच्या दोन दिवस आधी आई दुपारीच घरी आली. ठकी अजून शाळेतून आली नव्हती. आई माझ्यासमोर बसली, कधी नव्हे ते मला सुरू केलं. या खेळण्यात पोरीला असं काय सापडतं, ते तिला बघायचं असावं. कुठली बटणं दाबायची ते तिला कळेना. चुकून विक्रमांचं पान उघडलं.

मी ते लपवू शकले नाही. दोनशे चौदा, एकशे नव्वद, एकशे सत्तावन्न, एकशे चाळीस, एकशे तेवीस. पोस्टमनचे एकशे अकरा पार तळाला.

आई ते आकडे बघत राहिली. मग जॉयस्टिक मांडीवर ठेवून फक्त डाव्या हातानं खेळून पाहिलं. चार फटके, सहा फटके, फार तर नऊ. अर्धा तास तिनं घाम गाळला. शिकवणारी बाई ती, हाताला काय जमतं आणि काय जमत नाही हे तिला नव्यानं कुणी सांगायला नको होतं. तिनं जॉयस्टिक खाली ठेवली आणि दाराकडे तोंड करून बसली.

ठकी आली. पडद्यावर आकडे तसेच होते.

"पट्टा सोड," आई म्हणाली.

ठकीनं सोडला.

"कधीपासून?"

"दोन महिने झाले."

"मी रोज शेक देत होते, ठके. रोज माफी मागत होते तुझी. तुला काहीच वाटलं नाही?"

"वाटायचं. खूप वाटायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बरा झाला म्हटलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोर्टावर उभी केली असतीस. मला नाही खेळायचं, आई. दहाव्या वर्षी सांगितलं होतं, तू हसलीस. बाराव्या वर्षी सांगितलं, तू रागावलीस. हाताचं तेवढं तू ऐकलंस."

 आईनं हळूच विचारलं, "आणि परवा? परवा ऑपरेशनला गेली असतीस?"

"हो."

"धडधाकट हात कापून घेतला असतास?"

ठकीनं होकाराची मान हलवली.  तिनं लेकीचं मनगट हातात घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि सोडून दिलं.

ऑपरेशन रद्द झालं. बाबा दोघींच्या मध्ये निरोप्यासारखे फिरू लागले. "अगं, ती विचारतेय जेवतेस का." "ठके, आई म्हणतेय दिवा घालव." कुणी ओरडलं नाही, कुणी ताट आपटलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटायचं. दोन वर्षांनी ठकी शिकायला दूर गेली आणि मला कपाटावर ठेवून गेली. तिनं मला सोबत नेलं नाही, यात मला नवल वाटलं नाही. चुगलखोराला कोण जवळ ठेवतं?

पण गेल्या वर्षी आईनं मला खाली काढलं. मऊ कापडानं पुसलं. क्लबातून आली की ती आता रोज थोडा वेळ माझ्यापुढे बसते. क्लबातही तिचं काही बिनसलंय, असं बाबांच्या बोलण्यावरून कळतं. नव्या मुलीला ती आधी बाजूला घेऊन विचारते, "तुला यायचंय, की तुला आणलंय?" काही पालकांना ते झोंबतं, ते मुलींना घेऊन जातात. आई अडवत नाही.

आईचा खेळ तसा वाईटच. पण परवा फोनवर बोलताना, तब्येत-परीक्षा-हवा सगळं बोलून झाल्यावर, ती एकदम म्हणाली, "मी आज अठ्ठावीस मारले."

 पलीकडून ठकीचा आवाज, "कुणाला घेऊन?"

"बदकाला."

"बदक नको गं घेऊस, त्याला मागे पळता येत नाही. बेडूक घे."

"तूच येऊन दाखव ना."

 आईनं फोन कानापासून काढून बघितला, लागलाय की तुटला.

"गुरुवारी येते," ठकी म्हणाली. "दोनच दिवस."

आज मंगळवार आहे. माझी टोकं झिजलीत, पडद्यावर आडव्या रेघा येतात, काल तर मी तीनदा बंद पडले. आईनं मला काढलं, पुसलं, परत लावलं, आणि चौथ्यांदा कशीबशी मी उठले. त्या दोघींना अजून सरळ एकमेकींकडे बघून बोलता येत नाही. शेजारी बसून एकाच पडद्याकडे बघत मात्र बोलता येईल, असं मला वाटतं. त्यानंतर मला फेकलंत तरी चालेल. तुमच्यात कुणाला अशी जुनी यंत्रं दुरुस्त करता येत असतील तर उद्या जरा घरी येऊन जा. मला फक्त गुरुवारी सुरू व्हायचंय.