पाण्याच्या वेळेची शाळा

"बाय, दिपोटी आयला! सायकलवर हाय आन मोरीपाशी उतरलाय!"

रंगूबाई बांधावरून धावत आली ती ओरडतच. प्रमोदिनीबाईंच्या हातातला खडू कटकन मोडला. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. त्यांची बाईंनी दोन वर्षं चातकासारखी वाट पाहिली होती. आणि आज ते आले, तर देवळाच्या सभामंडपात भरणाऱ्या त्या शाळेत होती जेमतेम दहा-अकरा मुलं. त्यातली दोघं पेंगत होती.

"आणि बाकीची?" बाईंनी विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हतं.

"खाडीत. अजून पानी उतरतंच हाय."

प्रमोदिनीबाई गुप्ते नौपाड्याच्या. रोज खाडीचा पूल ओलांडून कळव्याकडच्या या आगरी पाड्यावर चालत यायच्या. तिशी उलटलेली, बोलणं भरभर, चालणं त्याहून भरभर. एका जागी बसलेलं त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी घरी गेल्या की पातळाच्या काठाचा चिखल बघून वहिनी म्हणायची, "शाळेत शिकवता की शेतात राबता?" बाईंना ते ऐकूही येत नसे. त्यांच्या डोक्यात चौथी असायची.

कारण शाळा तिसरीपर्यंतच होती आणि बाई एकट्याच. पन्नासांवर मुलं हजर दिसली तर दुसरा शिक्षक मिळणार, आणि दुसरा शिक्षक आला तरच चौथी सुरू होणार, असा स्कूल बोर्डाचा नियम. अर्ज दोनदा परत आला होता, 'प्रत्यक्ष पाहणीनंतर विचार होईल' असा शेरा घेऊन. रंगूबाईची शेवंती यंदा तिसरी संपवणार होती. पोरीचं डोकं असं, की गणित फळ्यावर पुरं लिहून होण्याआधी उत्तर हजर. पण रंगूबाईने साफ सांगितलं होतं, "चवथी हितं आयली तर शिकवीन. पोरीला पूल वलांडून नाय धाडनार."

साहेब येणार हा निरोप कालच दुपारी आला. बाई आनंदाने नाचायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. मग त्यांनी पंचांग उघडलं आणि मटकन खाली बसल्या. उद्या चतुर्थी! चतुर्थीला सकाळी ओहोटी. सकाळची ओहोटी म्हणजे पाड्यातली झाडून सगळी बायकापोरं खाडीच्या चिखलात, खुब्याच्या शिंपल्या वेचायला आणि चिंबोऱ्या म्हणजे खेकडे धरायला. एरवी बाईंना त्याची फिकीर नव्हती. ओहोटी सकाळी असली की त्या शाळाच उशिरा भरवत, आणि मग सूर्य बुडेपर्यंत शिकवत. पण हे कचेरीला कुठे ठाऊक होतं? कचेरीच्या लेखी शाळा अकराला भरत होती.

संध्याकाळी त्या पाड्यात घरोघर फिरल्या. बायकांनी ऐकून घेतलं आणि नाही म्हणून मान हलवली. म्हातारी बायजा म्हणाली, "पानी काय दिपोटीला इचारून येतं का, बाय?"

रंगूबाईकडे मात्र तोड होती. "जेवाय घालू त्याला. जेवून उठंपर्यंत पानी चढंल, मंग पोरां येतातच." आणि तिने पहाटे उठून चिंबोऱ्यांचं असं झणझणीत कालवण केलं, की वासाने देवळातली घंटासुद्धा वाजावी.

साहेब आत आले. उंच, किडकिडीत, कपाळाला गंध. त्यांनी मुलांवरून नजर फिरवली आणि भुवई वर गेली.

"एवढीच?"

"साहेब, आधी जेवून घ्या," बाई घाईघाईने म्हणाल्या. "लांबून आलात."

"आज संकष्टी आहे माझी," साहेब म्हणाले. वास त्यांच्यापर्यंत पोचला होता. रुमाल नाकाकडे नेत त्यांनी विचारलं, "हे काय शिजतंय?"

रंगूबाईने टोप उचलला आणि ती देवळामागे पळाली. चतुर्थीला पाणी कधी उतरतं हे दोघींना तोंडपाठ होतं, आणि चतुर्थीला ब्राह्मण उपाशी असतो हे मात्र एकीलाही सुचलं नव्हतं!

मग बाईंनी होतं नव्हतं ते सगळं केलं. शेवंतीला उभं केलं. तिने दिडकीचा पाढा म्हटला, अडीचकीचा म्हटला, साहेबांनी घातलेलं तोंडी गणित त्यांच्याआधी सोडवलं. साहेब खूश झाले, पण त्यांनी खिशातून पेन काढलं.

"मुलगी हुशार आहे. पण बाई, पट एवढा मोठा आणि हजर एवढीच? मला कल्याण गाठायचं आहे. दिसतं ते लिहितो."

आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"नका लिहू, साहेब! थोडं थांबा. पाणी फिरलंय."

"कसलं पाणी?"

त्यांनी फळ्याकडे बोट केलं. तारखेखाली, सुविचाराच्याही वर, लिहिलं होतं: 'आज पाणी दुपारी चढेल.'

"ही आमची शाळेची वेळ. पाणी बाहेर तेव्हा मुलं आत, खाडीत. पाणी आत आलं की मुलं बाहेर, शाळेत."

"शाळा अकरा ते पाच, हा नियम आहे."

"मी आले तेव्हा अकरा ते पाचच भरवत होते, साहेब. तेव्हा रोज हीच मुलं असायची, एवढीच." बाईंचा आवाज चढला. साहेबांसमोर आपण ओरडतोय हे त्यांच्या लक्षातही आलं नाही. "माझं काय लिहायचं ते लिहा. पण मुलं मोजल्याशिवाय जाऊ नका!"

साहेबांनी पेन उघडलं नाही, पण परत खिशातही ठेवलं नाही. ते देवळाच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. खाडी लांबवर चकाकत होती. चिखलावर माणसं मुंग्यांएवढी दिसत होती. थोडा वेळ काहीच हललं नाही. बाईंनी देवाकडे पाहिलं, मग खाडीकडे पाहिलं. त्यांचा भरवसा खाडीवर जास्त होता.

आणि मग ठिपके हलले. एकेक करून बांधाकडे सरकू लागले.

"आयली! बाय, आयली पोरां!" रंगूबाई किंचाळली.

टोपल्या आयांच्या डोक्यावर टाकून पोरं सुसाट सुटली होती. गुडघ्यापर्यंत काळाकुट्ट चिखल, कुणाच्या हातात अजून वळवळणारी चिंबोरी, कुणी वाटेत घरात शिरून पाटी घेऊन आलेलं. सभामंडप भरला. पायऱ्या भरल्या. बाई सवयीने ओरडल्या, "पाय धुऊन या!"

"राहू द्या, राहू द्या!" साहेब त्यांच्याहून मोठ्याने ओरडले. "आधी मोजू द्या मला!"

मुलं एका जागी ठरेनात. साहेब दोनदा चुकले. मग त्यांनी टोपी काढून बाईंच्या हातात दिली, रांगेत शिरून एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत मोजलं आणि धोतराला चिखल लागला तरी थांबले नाहीत.

"बासष्ट!" ते हसत म्हणाले. "बासष्ट मुलांना एक बाई? हे चालायचं नाही. दुसरा शिक्षक मंजूर. चौथी जूनपासून."

काय कल्लोळ झाला! रंगूबाईने शेवंतीला उचलूनच घेतलं. साहेबांसाठी उपासाला चालणारं शहाळं आलं. बाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. शहाळं पिऊन झाल्यावर साहेबांनी त्यांना बाजूला बोलावलं.

"वेळेबद्दल मी लिहीत नाही. नव्या मास्तरांनी ती बदलू नये असं तोंडी सांगेन. पण बाई, दोन शिक्षकी शाळेला मुख्याध्यापक लागतो, तो तुमच्याहून सेवेने ज्येष्ठ हवा, तो बाहेरून येईल. आणि मदतनीस शिक्षकाची जागा प्रतीक्षेतल्या नव्या उमेदवाराला जाते. म्हणजे तुमची..."

"बदली," बाई म्हणाल्या.

"डोंबिवलीच्या पुढे खाडीकाठी एक शाळा आहे. मुलंच येत नाहीत, बंद करायच्या बेतात आहोत. तिथे मला तुम्हीच हव्या आहात." साहेब खाली बघत म्हणाले, "ही शिक्षा समजू नका."

सायकल मोरीपलीकडे दिसेनाशी झाली. बाईंना फार वाईट वाटलं. चौथी आली होती, आणि ती शिकवणार दुसरंच कुणीतरी होतं. मुलं अजून नाचत होती. त्यांनी शेवंतीला जवळ घेतलं आणि तिच्या हातात खडू दिला.

"उद्यापासून फळ्यावर पाण्याची वेळ तू लिहायची. जूननंतरसुद्धा. रोज."

"आन तुमी?"

बाई रंगूबाईकडे वळल्या. रंगूबाई सगळं समजून खांबाला टेकून उभी होती, पदर तोंडाशी धरून.

"रंगूबाई, डोंबिवलीच्या खाडीला पाणी कधी चढतं गं?"

रंगूबाईने तोंडावरचा पदर काढला.

"हितल्यापरीस जरा उशिरा," ती म्हणाली. "पन चढतं, बाय."