दोघांकडून

नागपूरच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत अश्लेषाने काचपट्टीवर स्वतःच्या रक्ताचा थेंब घेतला, त्यात मॅडमनी दिलेलं द्रावण मिसळलं आणि वर पातळ काच ठेवून तिच्या कडा व्हॅसलीनने बंद केल्या. आत हवा शिरायला नको होती. प्राणवायू संपला की तांबड्या पेशी काय करतात, हे पाहायचं होतं.

वर्गातल्या बाकीच्यांच्या पट्ट्यांवर काहीच घडलं नाही. पेशी गोल त्या गोलच राहिल्या. अश्लेषाने मात्र सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तेव्हा काही पेशी लांबट, टोकदार झालेल्या दिसल्या. चक्क विळ्यासारख्या. आपलाच प्रयोग साधला म्हणून तिला आनंद झाला. तिने प्रीती मॅडमना हाक मारली.

मॅडम बराच वेळ पाहत राहिल्या.

"कोणाचं रक्त आहे हे?"

"माझंच."

मॅडमनी स्टूल ओढलं. "हिमोग्लोबिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. अशा रक्तात तिच्यातलं एकच आम्ल बदललेलं असतं. हा बदल आईकडून किंवा वडिलांकडून, एकाकडूनच आला, तर माणूस तुझ्यासारखा ठणठणीत राहतो. दोघांकडून आला, तर सिकलसेलचा आजार. दवाखान्यात जाऊन खात्री करून घे."

"त्या आजारात काय होतं, मॅडम?"

"वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हाडं दुखतात, डोळे पिवळे पडतात. तान्ह्या मुलांची बोटं सुजतात."

अश्लेषाने पुन्हा डोळा लावला, पण ती पाहत काहीच नव्हती. तिचा धाकटा भाऊ पियूष पहिलीत असताना गेला होता. तान्हा असताना त्याची बोटं सुजायची. आई त्यांना कोमट तेल लावत बसायची.

तिने आईबाबांना नरखेडकडच्या गावाहून नागपूरला बोलावून घेतलं. दवाखान्यात तिघांचं रक्त तपासायला दिलं. अहवाल घ्यायला ते पुन्हा आले, तेव्हा दवाखान्याच्या व्हरांड्यात गर्दी होती. तिची आई देवकीबाई बाकाच्या एका टोकाला बसल्या, वडील मुकुंदराव दुसऱ्या टोकाला. मधे डब्याची पिशवी.

घरी तरी दोघं कुठे बोलत होते? मोटर सुरू केली का, मजूर किती आले, एवढंच. पियूष गेला त्याच्या आदल्या दुपारी संत्र्याच्या बागेतल्या हौदात खेळला होता. "तुले एक पोरगं सांभाळता आलं नाही," असं मुकुंदराव तेव्हा म्हणाले. एकदाच म्हणाले. देवकीबाई त्यानंतर कधी बागेत गेल्या नाहीत.

अश्लेषा अहवाल घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहिली.

"सिकलसेलचा दोष तुमच्या दोघांच्याही रक्तात आहे," ती म्हणाली. "माझ्याही. आपल्याले त्याचा त्रास नाही. पियूषचं रक्त तेव्हा कोणी तपासलं नाही, म्हणून नक्की सांगता येत नाही. पण मले वाटते, त्याले तोच आजार होता."

देवकीबाईंनी पदर नीट केला.

"मंग त्या हौदातल्या पाण्यानं नाही?"

"गार पाण्यानं दुखणं वाढू शकते, आई. पण आजार जन्मापासूनच असते."

"म्हणजे माह्याकडून गेला त्याले."

"अर्धा तुह्याकडून."

बाकीचा अर्धा कुणाचा, ते तिने सांगितलं नाही. मुकुंदरावांनी हात पुढे करून कागद मागितला. त्यावरचं इंग्रजी त्यांना वाचता येत नव्हतं, तरी ते स्वतःच्या नावाच्या ओळीवर बोट ठेवून बसले. खिडकीवर कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. एक बाई लेकराला कडेवर घेऊन लगबगीने गेली.

"पियूषले पाणी लई आवडे," मुकुंदराव म्हणाले. "नाही काय वं?"

देवकीबाई चमकून वळल्या. त्या नवऱ्याकडे पाहत राहिल्या.

"किती आवाज देल्ला तरी निघे नाही," त्या हळूच म्हणाल्या.

"मलेही आयके नाही तो."

देवकीबाईंनी मधली पिशवी उचलली आणि खाली पायाशी ठेवली.