दहा किलोंनी हलकी

स्पोर्ट्‌स कारचं वजन घटवायला सुजयने छोटी, हलकी बॅटरी बसवली. पेणहून गणपतीची मूर्ती घेऊन रोह्याला परतताना बायकोला तो तेच ऐकवत होता, "दहा किलोंनी हलकी झाली!"

वडखळला ट्रॅफिकने गाठलं. पुढे एसटी, मागे डंपर. सगळ्यांसारखं त्यानेही इंजिन बंद केलं. गाणी मात्र चालूच ठेवली. रांग हलली तेव्हा बॅटरी पार उतरली होती. मागचा डंपर हॉर्न थांबवेना.

"उतर गो, धक्का मार!" सुजय खेकसला.

"मूर्ती मांडीवर हाय. घर येईपर्यंत खाली ठेवायची नाय," सुरभी म्हणाली.

तो उतरला. एका हाताने स्टिअरिंग धरून खांद्याने रेटू लागला. गाडी जागची हलेना.

आतून सुरभीने विचारलं, "किती किलोंनी हलकी झाली म्हणालात?"