माझ्या अंगावरची शाल

मित्रांनो, मी एक जुना प्रोजेक्टर आहे. एका कॉलेजातून मोडीत निघालो, तेव्हा धम्मपालसरांनी मला उचगावच्या बुद्धविहारात आणलं. बारा वर्षं इथल्या हॉलच्या भिंतीवर चित्रं दाखवतो आहे. कौतुकाला सगळे पुढे, पण वारा आत घेणाऱ्या माझ्या जाळीतली धूळ पुसायला कुणी नाही. चालायचंच!

गेल्या रविवारी मात्र माझा चक्क सत्कार झाला. सत्कार म्हटला की शाल आलीच. सरांनी ती माझ्या अंगावर घातली, टाळ्या पडल्या आणि ती काढायचं सगळेच विसरले. मीही सुखावलो, खोटं कशाला बोलू?

मग चित्रपट सुरू झाला. चिंपांझीच्या एका पोरक्या पिल्लाचा. ते कळपातल्या एकेका मादीजवळ जाई आणि प्रत्येक जण त्याला झिडकारी.

माझ्या अगदी पुढे छोटी मनाली बसली होती. तीही पोरकी, तिची आई उन्हाळ्यात वारली. मावशी सरुबाईंनी तिला आदल्याच दिवशी कोडोलीहून आपल्या घरी आणलं होतं. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती.

"त्येला कुणीच घेत न्हाय व्हय, मावशी?"

"बघ की म्होरं."

पण म्होरचं दाखवणार कोण? जाळीत धूळ, वरून शाल. माझा जीव गुदमरला. तापल्याचा लाल दिवा लुकलुकू लागला. आणखी तापलो तर मी आपोआप बंद पडणार होतो, आणि या वयात पुन्हा सुरू होईन याचा भरवसा नव्हता. भिंतीवर पिल्लू एकटं होतं आणि झुडपात बिबट्या.

"मला न्हाय बघायचं," म्हणत मनाली दाराकडे निघाली.

थांब गं पोरी! शनिवारी सरांनी हाच चित्रपट लावून माझी चाचणी घेतली होती, शेवट मला ठाऊक होता. पण मला तोंड कुठे आहे?

सरुबाई तिच्यामागे उठल्या आणि त्यांचा हात मला लागला.

"आगं बया! ह्यो तव्यावानी तापलाय की! सर, शाल काय घालून ठेवलीया?"

कुणाची वाट न बघता त्यांनी ती ओढून काढली. माझ्या पंख्याला वारा मिळाला. थोड्या वेळानं लाल दिवा विझला.

तेवढ्यात भिंतीवर एक म्हातारा चिंपांझी नर धावत आला. बिबट्या पळाला. म्हाताऱ्यानं वाकून पाठ पुढे केली आणि पिल्लू पाठीवर चढलं. मनाली दारातच थबकली. सरुबाईंनी हातातली शाल तिच्या खांद्यावर टाकली. दोघी परत येऊन बसल्या, तेव्हा मधली जागा उरली नव्हती.

मित्रांनो, शाल मला परत मिळाली नाही. नकोच. आठवड्यातून एकदा माझी जाळी पुसा, मला नुसता वारा पुरे. शाल मात्र जिला ऊब हवी, तिलाच घाला.