शेवटची ओळ घरच्यांची

“बसू, तो माइक काढ माझ्या म्होरनं,” निंगव्वा मला म्हणाली आणि मास्तरांसमोर मांडी घालून बसली.

मास्तरही बसलेलेच होते. आमच्यात गेलेल्या माणसाला निजवत नाहीत, बसवतात. शुक्रवार पेठेतल्या त्या सोप्यात चन्नप्पा मास्तर भस्म लावून, हार घालून भिंतीला टेकले होते. कुणाचा सूर चुकला तर आत्ता डोळे उघडतील असं वाटत होतं.

निंगव्वा आणि महेश्वरी या त्यांच्या दोन शिष्या. दोघींच्या मागे मी तीस वर्षं तबला बडवला, तेव्हा बोलायचा हक्क मला आहे. महेश्वरीचा आवाज लख्ख. तान अशी, की ऐकणाऱ्याने श्वास रोखावा. रेडिओ झाला, कॅसेटी निघाल्या, पुण्या-बेंगळुरूला कार्यक्रम झाले. शाली इतक्या मिळाल्या की कपाट मिटेना. निंगव्वा एकटी, मागेपुढे कुणी नाही. दिवसभर कडक भाकऱ्या करून विकायची आणि मयताच्या घरून बोलावणं आलं की पिठाचे हात धुऊन भजनाला निघायची. आवाज जाडाभरडा, तानेच्या नावाने शून्य. तिची एक रीत मात्र होती. भजनाची शेवटची ओळ ती म्हणायची नाही, ती घरच्यांनी म्हणायची. घरातला आवाज आल्याशिवाय ती उठत नसे. “अर्धं गाणं म्हणून चहा मात्र पुरा पितीस की!” असं मी तिला चिडवायचो.

त्या दुपारी आधी महेश्वरी गायली. काय गायली! लोकांनी मोबाइल वर धरले. गाणं संपलं आणि मागून कुणीतरी चक्क टाळ्या वाजवल्या. महेश्वरीचा चेहरा उतरला. मास्तरांच्या पत्नी सिद्धव्वा खांबाला टेकून कोरड्या डोळ्यांनी बसल्या होत्या. पहाटेपासून त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता.

“आता ऱ्हाऊ दे, मावशी,” मास्तरांचा मुलगा विरेश निंगव्वाला म्हणाला. “टाइम झालाय. गाणं झालं की.”

“गाणं झालं रं. तुझी अव्वा कुटं बोललीय अजून?”

“लोकं खोळंबल्यात.”

“खोळंबू देत. ‘आमची ही आतल्या आत कोंडून घील, तिला बोलती कर,’ असं मास्तर मला सांगून गेल्यात. मी उठणार न्हाय.”

तिने सुरू केलं. मी हलकेच ठेका धरला. शेवटच्या ओळीशी ती थांबली. कुणी बोललं नाही. तिने कडवं पुन्हा घेतलं, पुन्हा तीच शांतता. विरेश घड्याळ बघू लागला. तिसऱ्या खेपेला महेश्वरीला राहवेना, तिने ओळ उचलली. निंगव्वाने हात वर केला.

“तू न्हाय.”

एवढ्या नावाजलेल्या बाईला असं गप्प केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. चौथ्यांदा निंगव्वाचा आवाज फाटला, पण ती हटली नाही. आणि मग खांबाकडून ओळ आली. बेसूर, बसकी, मध्येच तुटलेली. ओळ पुरी करून सिद्धव्वा ओक्साबोक्शी रडल्या. विरेशने आईला मिठीत घेतलं. मीही रडलो, त्यात लाजायचं काय?

माती देऊन आम्ही परतलो, तेव्हा महेश्वरी ओट्यावर बसून माइकची वायर गुंडाळत होती. निंगव्वा चपला शोधत होती.

“माझ्या वेळेला येशील ना गं?” महेश्वरीने विचारलं.

“यीन की. अन् मीच आदी गेले तर?”

“मग मी गाईन. तुझ्यासारखी शेवटची ओळ सोडीन.” महेश्वरी अडखळली. “पण तुझ्या घरात ती म्हणणार कोण?”

निंगव्वाला चपला सापडल्या. त्या पायात सरकवत ती म्हणाली, “तवा तूच म्हण.”