शिक्का मला मिळाला होता

मित्रांनो, कारखान्याच्या दाराशी काचेचे कपाट दिसते ना, त्यात निजवलेली जुनी निळी शेकपट्टी म्हणजे मी. दुखऱ्या गुडघ्याला, पाठीला विजेवर शेक देणे हे माझे काम. रागावणे माझ्या स्वभावात नाही. माझा जन्मच मुळी बेताने तापण्यासाठी झाला. पण आज मी रागावलेली आहे, आणि तो राग मला नीट सांगता येईल की नाही, अशी धास्तीही वाटते आहे. सांभाळून घ्या.

मला ताईने घडवले. ती इथली इंजिनिअर, आणि कारखान्याचे मालक असलेल्या दादांची धाकटी बहीण. त्यांच्या आईचे गुडघे थंडीत फार ठणकत. शेकता शेकता तिचा डोळा लागे. "झोप लागली तरी भीती नको, अशी पट्टी करते," असे म्हणून ताईने माझ्या पोटात दोन राखणदार बसवले. एक, ऊब कमीजास्त करणारा. दुसरा, मण्याएवढा थर्मल फ्यूज. पहिला बिघडून मी भलतीच तापू लागले, तर या मण्याने स्वतः वितळून वीज तोडायची. एरवी जन्मभर त्याने काहीच करायचे नाही.

विक्रीआधी सरकारमान्य प्रयोगशाळेची परीक्षा होती. माझ्यासोबत माझ्या जुळ्या बहिणीही गेल्या. तिथल्या परीक्षकांनी आम्हाला पिळले, ओले केले, आमच्या वायरी ओढल्या. पहिल्या खेपेला वायरीची पकड सुटली आणि आम्ही नापास होऊन परतलो. "शेकपट्टी आहे ही, रॉकेट नाही!" दादा वैतागले. ताईने पकड बदलली. पुन्हा रांग, पुन्हा परीक्षा. शेवटी परीक्षकांनी एका बहिणीचा पहिला राखणदार मुद्दाम निकामी केला, तिला रजईत गुंडाळले आणि वीज चालू ठेवली. ती तापत गेली, तापत गेली, आणि मग तिच्या पोटातला मणी वितळला. ती कायमची गार पडली. रजईला साधा डागही नव्हता. मित्रांनो, आम्हाला मंजुरीचा शिक्का मिळाला तो तिच्या मरणाने.

मला मात्र सीलबंद करून परत पाठवले. मंजुरीची रीतच तशी होती: एक नमुना जपून ठेवायचा आणि पुढची प्रत्येक पट्टी आतून-बाहेरून त्याच्यासारखीच करायची. काही बदलले, तर पुन्हा परीक्षा. मी म्हणजे माप होते. दादांनी मला शोभेला ठेवले.

हिवाळा तोंडावर आला आणि नेमका मण्यांचा पुरवठा अडकला. ताई त्यासाठीच परगावी गेली होती. तेवढ्यात दादांनी मण्याच्या जागी साधी तार जोडून घेतली, नव्या पट्ट्यांवर शिक्का उमटवला आणि पेट्या दुकानांकडे रवानाही केल्या. ताई परतली आणि माझ्या कपाटासमोरच दोघांची जुंपली.

"दादा, मणी कुठे आहे?"

"आले की घालू. अगं, तो करतो तरी काय? इतक्या पट्ट्या वापरून बघितल्या आपण, एकदा तरी वितळला?"

"वितळला नाही म्हणून काढून टाकलास?"

"शिक्का आहे ना आपल्याकडे!"

"शिक्का हिला मिळालाय." ताईने माझ्या काचेवर बोट आपटले. "त्यांना नाही."

"मग काय, परत परीक्षा देत बसू? हिवाळा काय तुझ्यासाठी दाराशी ताटकळत उभा राहणार आहे? आईलाही त्यातलीच एक दिलीय मी. मी आईचा वैरी आहे का?"

घर कारखान्याच्या मागेच होते. ताई धावतच गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात एक पट्टी होती, मधोमध करपलेली. तिचा पहिला राखणदार अडकला होता आणि दुसरा नव्हताच. मागून आई लंगडत आली. तिच्या गुडघ्यावर ओला फडका बांधलेला होता.

"कालच झालंय. त्याच्यावर ओरडू नकोस," आई म्हणाली. "चूक माझीच. मला झोप लागली."

"आई, तुला झोप लागावी म्हणूनच तर केली होती ती!"

दादांनी एकेका दुकानाला फोन लावला, पेट्या परत मागवल्या, सूचना लावायला सांगितल्या. बऱ्याच पट्ट्या आल्या. काही विकल्या गेल्या होत्या, त्या आल्याच नाहीत. त्या आज कोणाच्या पाठीखाली आहेत, कोणालाच ठाऊक नाही. माझा राग आहे तो यासाठी. माझ्या बहिणीने जीव देऊन मिळवलेला शिक्का मिरवत त्या पट्ट्या लोकांच्या अंथरुणात शिरल्या आहेत, आणि लोक त्या शिक्क्यावर विसंबून डोळे मिटत आहेत.

दादा ती करपलेली पट्टी कचऱ्यात टाकायला निघाले होते. "ठेवली तर येणारे-जाणारे बघतील," ते पुटपुटले.

"बघू देत," आई म्हणाली, आणि तिने स्वतःच्या हाताने ती माझ्या शेजारी ठेवली.

मित्रांनो, मोठेपणी तुमच्यापैकी कोणीतरी वस्तू घडवेल. तिच्या पोटात असा एखादा भाग असेल, जो वर्षानुवर्षे नुसता बसून असतो. त्याला काढायला हात शिवशिवू लागले, तर कृपा करून आधी या कपाटापाशी या. आम्हा दोघींकडे नीट पाहा. एक निळी आहे, एक करपलेली. शिक्का दोघींवर तोच आहे.